केसाएवढी रेघ

इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, याचा एका बाबतीत फायदाच झाला. छापखानेवाल्या साईंनी छपाईचा तो शिशाचा खिळा माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मी त्याच्याकडं अक्षर म्हणून पाहिलंच नाही. सुताराच्या पोरानं पलंगाचा पाय पाहावा तसं पाहिलं. एक उभा दांडा, मुसळासारखा भरीव. त्याच्या तळाशी एक आडवी पट्टी, इतकी बारीक की नखानं वाकेल. बाजूला एक पोट, मध्यभागी जाड आणि वरखाली निमुळतं होत होत केसाएवढं झालेलं. जाड म्हणजे अगदी जाड, बारीक म्हणजे अगदी बारीक. मधलं काही नाहीच.

"ऐसाच एक लकडी में काट के देगा?" साईंनी विचारलं. "हमारा एक खो गया."

"देतो," मी म्हणालो. येतं की नाही याचा विचार नंतर केला. त्या काळात कुणी काहीही विचारलं तरी मी आधी 'देतो' म्हणायचो आणि मग मला धडकी भरायची.

मी वैनगंगेच्या काठचा. शाळा चौथीत सुटली. वडील गेल्यावर घरात रंधा एक आणि करणारे तिघे अशी गत झाली. थोरल्या दोघा भावांनी 'तू कुठं तरी बघ' म्हटलं. गावातला एकजण अंबरनाथला कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर मी निघालो. त्यानं आठ दिवस ठेवून घेतलं. नवव्या दिवशी त्याची बायको गावाहून आली. मग मी उल्हासनगरच्या कॅम्पात दारं-खिडक्या दुरुस्त करत हिंडू लागलो. मिलिटरीनं सोडलेल्या बराकी, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे नाहीतर फळ्यांचे आडोसे. फळ्या ठोकायला माणूस लागायचाच. साईंच्या छापखान्यात मी टेबलाचा पाय बसवायला गेलो होतो, तो तिथंच राहिलो.

छापखाना म्हणजे अर्धी बराक. एक पायानं चालवायचं ट्रेडल, एक जुना हँडप्रेस आणि खिळ्यांचे खण. खिळे साईं स्वतः जुळवत. दोन्ही यंत्रं मोरिवलीचे एक आगरी गृहस्थ चालवत, त्यांना सगळे दादा म्हणत. कराचीहून निघताना साईंनी इंग्रजी खिळ्यांचे दोन खण उशीच्या अभ्र्यांत बांधून बोटीवर चढवले होते. "लोग सोना लाए," ते सांगायचे, "मैं शिसा लाया. बीवी आज तक नहीं भूली." त्या अक्षराच्या वळणाचं खरं नाव काय होतं कोण जाणे. आम्ही त्याला 'कराची' म्हणायचो.

कॅम्पात नवा धंदा काढणारा प्रत्येक माणूस कराचीच मागायचा. अत्तरवाला, मिठाईवाला, शिंपी, ज्याच्या घरात लग्न निघालंय तो. साईंचं म्हणणं असं की जाड रेघ कुणीही मारेल, पैसेवाल्याची ओळख बारीक रेघेत असते. कोऱ्या जागेत ते अक्षर एकटं, मोठं ठेवलं की कागद दुप्पट किमतीचा दिसे. पण लहान केलं की त्याचं सगळं सोंग गळून पडायचं. एका वैद्याच्या बाटलीसाठी साईंनी औषध घ्यायच्या सूचना हौसेनं कराचीत जुळवल्या. छापल्यावर बारीक रेघा नाहीशाच झाल्या, नुसते उभे दांडे राहिले. दादा कागद उन्हात धरून म्हणाले, "साईं, ही कुंपनाची लाकडं हायत काय? मान्सानं वाचाची कशी?" तेव्हापासून ठरलं, की कराची फक्त मथळ्याला.

मी कोरलेलं लाकडी अक्षर जाड भागात चांगलं उतरलं, तळाची पट्टी मात्र जरा दांडगी झाली. साईंनी ते शिशाच्या भावंडांत बसवून छापलं, मान तिरकी करून पाहिलं आणि मला म्हणाले, "पुट, रह जा." सिंधीत पुट म्हणजे मुलगा. कागदाच्या रिमांमागं त्यांनी मला झोपायला जागा दिली. त्यांच्या घरून सकाळी पकवान, म्हणजे त्यांच्याकडची कडक तळलेली पुरी, आणि वरण यायचं. एवढं मला माझ्या घरानंही शेवटी शेवटी दिलं नव्हतं. मी रोज त्यांच्या आधी उठून फरशी पुसायचो. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसता घसा खाकरला तरी मला वाटायचं, आता 'जा' म्हणणार.

आणि मग आर्टिस्ट आला.

तो अंबरनाथ पूर्वेचा. वडील कारखान्यात ऑफिसर, स्वतः मॅट्रिक, वर चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. माझ्याहून एखाद वर्षानं मोठा असेल, पण तो मला 'तू' म्हणायचा आणि मी त्याला 'तुम्ही'. हे कुणी ठरवलं नाही, पहिल्या दिवशी पहिल्या वाक्यालाच झालं. तो आठवड्यातून तीनदा यायचा, पांढरी पँट घालून, छापखान्यात! आणि तिच्यावर शाईचा ठिपका पडायचा नाही. साईंना हवं होतं कराचीला शोभेल असं मराठी अक्षर. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी इथल्या माणसांना इंग्रजी मथळा दाखवून काय उपयोग? आणि मराठीचे मोठे खिळे बाजारात मिळायचे ते सगळे एका जाडीचे, गोठ्यातल्या म्हशींसारखे एकमेकांना टेकून उभे.

आर्टिस्ट एक हात खिशात ठेवून अक्षर काढायचा. मला ते बघवायचं नाही. मी साधी सही करायची तरी दुसऱ्या हातानं कागद दाबून धरायचो, जीभ बाहेर यायची. तो उभ्यानंच टाक टेकवायचा आणि 'ग'चा गळा असा खाली यायचा की जणू तो आधीच कागदात होता, यानं फक्त वरची धूळ पुसली. मग म्हणायचा, "मिस्त्री, बघ. जमलंय का?"

"जमलंय," मी म्हणायचो.

"नुसतं जमलंय काय? बोल ना काहीतरी. मले-तुले बंद आज?"

माझ्या बोलीवरून तो मला चिडवायचा, पण त्यात विष नव्हतं. हेच तर वाईट होतं. त्याच्या आईच्या हातची थालीपिठं तो अर्धी माझ्यासाठी आणायचा. मी ती खायचो आणि ज्या तोंडानं खायचो त्याच तोंडानं मनात म्हणायचो, याची एक तरी रेघ चुकू दे.

शिकवलंही त्यानंच, हे नाकारता येणार नाही. इंग्रजी अक्षरांच्या तळाला पट्ट्या आहेत म्हणून त्यानं आधी मराठी अक्षरांनाही तशा दिल्या. दोन दिवस बघत बसला आणि खोडून टाकल्या. "इंग्रजी अक्षर पाटावर उभं असतं, मिस्त्री. आपलं दोरीवर वाळत घातलेलं असतं. त्याला खाली चप्पल घालून चालणार नाही. बारीक करायची ती दोरीच." म्हणून उभे दांडे जाड, 'ब'चं पोट डाव्या अंगाला फुगीर, आणि वरची शिरोरेघ केसाएवढी. कागदावर ते इतकं देखणं दिसायचं की मला राग यायचा. मला दोरी आणि पाट सांगायची गरज पडत होती, त्याला ते दिसत होतं.

त्याच वर्षी माघात साईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, पावसाळ्यात काम बसतं, तेव्हा दादांशिवाय एकच माणूस कायमचा ठेवता येईल. "सरबत का काम हो जाए, फिर देखूँगा." आर्टिस्ट मान हलवून पुन्हा कागदाकडं वळला. त्याचं काय जात होतं? त्याच्यामागं घर होतं, वडील होते, अंबरनाथला चाफ्याचं झाड असलेलं अंगण होतं. मी मात्र तेव्हापासून जेवताना सुद्धा रिमांमागच्या माझ्या वळकटीकडं बघायचो, आहे ना जागेवर म्हणून.

सरबताचं काम असं होतं. कॅम्पातल्या एका व्यापाऱ्यानं सरबताचा कारखाना काढला होता आणि उन्हाळ्यात कर्जतपर्यंतच्या गावांत भिंतींवर लावायला त्याला मोठी पोस्टरं हवी होती. मथळा तीनच शब्दांचा: थंडगार गुलाब सरबत. चार इंची अक्षरं, तेव्हा शिसं शक्यच नाही, लाकडातच कोरायची. आर्टिस्टनं काढायची, मी कोरायची.

लाकूड मी आणलं. बारवीकडच्या एका जंगलातल्या माणसानं हेदूचे दोन ओंडके डोक्यावरून आणून दिले. आमच्याकडं त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, गुळगुळीत, फण्या करतात ते. कोरायला लोण्यासारखं. पण पहिला काप घेतला तेव्हाच वासानं कळलं, झाड तोडून महिना सुद्धा झालेला नाही. ओलं लाकूड सुकताना आकसतं हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. वडील ओलं लाकूड वर्षभर माळ्यावर टाकायचे आणि कुणी घाई केली तर त्याला म्हणायचे, दुसरा सुतार बघ.

आर्टिस्टनं विचारलं होतं. हे मला नीट लिहायचं आहे. तो ठोकळा हातात घेऊन, नाकाशी नेऊन, शहरी माणसासारखा हुंगून म्हणाला, "मिस्त्री, वाळलंय ना रे हे? मला यातलं कळत नाही."

"वाळलंय," मी म्हणालो.

मला नीट आठवतं, ते बोलताना मी त्याच्या रेघेकडं बघत होतो. मराठी अक्षरं शिरोरेघेनं एकमेकांना चिकटतात. म्हणजे प्रत्येक ठोकळ्यावर ती रेघ पार कडेपर्यंत न्यावी लागते, आणि ठोकळा आकसला की सगळ्यात आधी तिथंच फट पडणार. रेघ जाड असती तर एवढं दिसलं नसतं. बारीक होती म्हणून दिसणार होतं. एकदा, फक्त एकदा, साईंनी ती रेघ तुटलेली पाहावी, एवढंच मला हवं होतं. पोस्टर बिघडलं तर त्यात माझंही नाव जाईल हे त्या वेळी सुचलं सुद्धा नाही. जळणाऱ्या माणसाला फक्त समोरचं घर दिसतं.

आर्टिस्टचा कागद ठोकळ्यावर उलटा चिकटवून कागदासकट कोरायचं, अशी पद्धत. मी जीव ओतून कोरलं. तेवढं तरी खरं होतं.

चैत्रात छापायला घेतलं. पहिल्या दिवशी पोस्टरं अशी निघाली की साईंनी शेजारच्या बराकीतल्या माणसांना बोलावून दाखवली. जाड काळे दांडे आणि त्यांच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली ती रेघ. लांबून वाटे, अक्षरं हवेतच टांगली आहेत. दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन. 'गु' आणि 'ला' यांच्यात सुई जाईल एवढी फट दिसली. तिसऱ्या दिवशी फटी दारातून दिसू लागल्या, आणि 'स' नि 'ब'च्या कडेचे रेघेचे तुकडेच उडाले. सरबतवाला माल बघायला आला. पोस्टर हातात धरून तो म्हणाला, "साईं, ये तो टूटा-फूटा है. लोग समझेंगे बाटली भी टूटी आएगी."

तो गेल्यावर साईंनी पोस्टर टेबलावर आपटलं. "आर्टिस्ट, मैंने बोला था ना? लाइन बहुत पतली है. बोला था कि नहीं?"

आर्टिस्टनं एकेका फटीवरून बोट फिरवलं. मी शाईचा रूळ पुसत होतो. तो स्वच्छ झाला तरी पुसत होतो.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कागदावर चांगलं दिसलं म्हणून मी लाकडाचा विचारच केला नाही. मिस्त्रीनं कोरलंय बरोबर. रेघ मीच बारीक धरली."

त्यानं हे मोठेपणानं म्हटलं असतं तर मी त्याचा आणखी हेवा केला असता आणि गप्प बसलो असतो. पण त्याला ते खरंच वाटत होतं. त्यानं टाक पुसला, डबीत ठेवला आणि गेला. पुढच्या वारी आला नाही, त्यानंतरच्याही नाही. साईंनी मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. "तू रहेगा, पुट. लाइन मोटी कर और फिर से काट."

मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं.

मी मोडक्या पोस्टरवरून अक्षरं पातळ कागदावर उतरवली आणि शिरोरेघ दांड्याएवढी नाही, पण चांगली बोटभर केली. आणि तिथं मला अक्कल आली. रेघ जाड केली की 'ब'चं पोट वर दाबलं गेलं. 'ग'ला मान राहिली नाही. 'र' तर ओझं घेतलेल्या बाईसारखा वाकलेला दिसू लागला. म्हणून मी दांडे बारीक करून पाहिले, तर सगळंच गोठ्यातल्या म्हशींसारखं झालं. चार दिवस मी झगडलो. शेवटी कसंबसं एक जुळलं, ते कोरलं, प्रूफ काढलं. साईं म्हणाले, "चलेगा."

दादांना विचारलं. दादा प्रूफ बघून तंबाखू मळत म्हणाले, "वाचता येतंय. मंग काय?" थोडं थांबून म्हणाले, "त्या पोराचा ज्या होता, तो येगला होता. त्या बघत र्‍हावासा वाटत होता."

मी आर्टिस्टचं पहिल्या दिवशीचं पोस्टर काढून माझ्या प्रुफाशेजारी ठेवलं. आता खरं सांगतो. साईंकडं जाऊन मी जे बोललो, ते मनाच्या टोचणीनं बोललो नाही. टोचणी होती, पण तिच्याबरोबर मी जन्मभर राहिलो असतो. मला सहन झालं नाही ते हे, की त्याच्या अक्षराच्या जागी माझं हे कुरूप अक्षर कर्जतपर्यंतच्या भिंतींवर लागेल आणि कुणीतरी, एक जरी माणूस, म्हणेल की आधीचं चांगलं होतं.

"साईं, रेघ बरोबर होती," मी म्हणालो. "लाकूड ओलं होतं. मला माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी वाळलंय म्हणून सांगितलं."

साईं खिळे जुळवत होते. हातातली ओळ त्यांनी पुरी केली. मग चष्मा काढला. मी वळकटीकडं पाहिलं.

"क्यों?"

'तो एक हात खिशात ठेवून काढतो म्हणून,' हे उत्तर खरं होतं, पण ते कुणाला सांगणार? साईंना ते कळलं असावं. एवढा मुलूख सोडून आलेल्या माणसाला काय कळायचं राहतं!

"तुझे निकाल दूँ तो काटेगा कौन?" ते म्हणाले. "इसलिए रख रहा हूँ. और किसी वजह से नहीं, समझा? जा, अंबरनाथ जा. माफी तू माँगेगा, मैं नहीं."

मी दुपारी गेलो. त्याच्या आईनं दार उघडलं आणि मी कोण हे सांगायच्या आतच म्हणाली, "तू मिस्त्री ना रे? ये, बस. थालीपीठ आवडतं ना तुला?" मला तिथल्या तिथं परत फिरावंसं वाटलं. आर्टिस्ट बाहेर आला. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, जसं साईंना सांगितलं तसंच.

त्यानं आवाज चढवला नाही. "मी तुला विचारलं होतं," म्हणाला. "मला कळत नाही असंही म्हणालो होतो."

"हो."

"मी बाबांना काय सांगितलंय माहितेय तुला? की तुमचं बरोबर होतं, मला नाही जमत अक्षर. त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात लागलोय मी सोमवारपासून. स्टोअरच्या वह्या." तो जरा हसला, पण ते हसू मला दाखवण्यासाठी नव्हतं. "जा तू आता."

आतून त्याची आई म्हणत होती, "अरे, त्याला बसू तरी दे!"

मी ऐकवलं नाही कुणाला, पण परतीच्या वाटेवर मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. अक्षर सोडलं की वह्या. वह्या नकोत तर अक्षर. दोन दारं. माझ्याकडं एक होतं आणि तेही साईंनी अर्धवट उघडं ठेवलेलं.

तो रविवारी आला. बोलवायला कुणी गेलं नव्हतं. पांढऱ्या पँटमध्ये आला, माझ्याकडं पाठ करून बसला आणि साईंना म्हणाला, "त्यांना म्हणावं, या वेळी लाकूड कुठलं आहे?"

मी चार हातांवर होतो. तो मला पहिल्यांदाच 'त्यांना' म्हणाला होता, आणि असं अंतर पडण्यापेक्षा तो 'तू' फार बरा होता.

"बराकीच्या खिडकीची झडप," मी साईंना म्हणालो. "सागवान. मिलिटरीच्या वेळचं. आता आकसायचं काही राहिलेलं नाही."

साईं दोघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "मैं क्या टेलिफोन हूँ?" पण निरोप पोचवत राहिले.

त्याच्या बारीक रेघेसकट मी आठवडाभरात सगळं पुन्हा कोरलं आणि पुढच्या रविवारी छापायला घेतलं. सागवानात फटी पडल्या नाहीत. पण दोनएकशे प्रती झाल्या आणि रेघेच्या कडा पुन्हा उडायला लागल्या. म्हणजे रेघ खरोखरच लाकडाला झेपत नव्हती. माझा खोटेपणा नसता तरी आज ना उद्या ती तुटलीच असती. हे बघून मला एक क्षण बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आर्टिस्ट हनुवटी धरून बसला. दादा बाजूला पावत्यांचा फॉर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळत होते. पावत्यांवर रकाने पाडायला पितळी पट्ट्या असतात, कडेनं बारीक रेघ उमटवणाऱ्या. माझी नजर तिथं गेली.

"साईं," मी म्हणालो, "लाकडातली रेघ काढूनच टाकली तर? ठोकळे वरून सपाट कापतो. शब्दाच्या माथ्यावर एकच पितळी पट्टी बसवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अक्षरं तिला नुसती टेकवायची."

दादांनी खणातून एक लांब पट्टी काढून दिली. 'थ'च्या डोक्यावर गाठ असते, तिच्यावरून रेघ नेता येत नाही. पण 'थ' पहिलाच होता हे नशीब, पट्टी त्याच्या गाठीपलीकडून सुरू केली. दादांनी हँडप्रेसचा दांडा ओढला. कागद उचलला तर रेघ अशी सरळ आणि अखंड, की पहिल्या दिवशीची तिच्यापुढं फिकी पडावी.

आर्टिस्ट वाकून बघत राहिला. मग साईंना म्हणाला, "त्यांना म्हणावं, हे मला सुचायला पाहिजे होतं." आणि तो डबी बंद करून त्या दिवशी लवकर निघून गेला. दारातून जाताना त्याची पाठ मला ओळखीची वाटली. तशी पाठ करून मी कित्येकदा रिमांमागं जाऊन बसलो होतो.

पोस्टरं लागली. बदलापूरच्या बाजारात एका भिंतीवर मी ते पाहिलं. डोंगराकडच्या दोन बायका लाकडाच्या मोळ्या उतरवून समोर उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "काय लिवलाय रं भावा?" मी वाचून दाखवलं. "गुलाबाचा पानी? पितात?" ती दुसरीला म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. अक्षराकडं कुणी पाहिलं नाही.

सरबतवाला मात्र खूष झाला, त्याच्या मागं आणखी गिऱ्हाइकं आली, आणि साईंना पूर्ण मुळाक्षरं हवीशी झाली. आर्टिस्ट स्टोअरच्या वह्या सांभाळून रविवारी येत राहिला, पावसाळ्यातही. दर रविवारी चार-पाच अक्षरं. मला साईंनी ठेवलं ते ठेवलंच, कायम की कसं हे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. श्रावणात 'ह' झाला आणि आर्टिस्ट पिशवी आवरू लागला.

"खतम?" साईंनी विचारलं. त्यांच्या हातातली यादी हिंदीची होती.

"ळ राहिला," मी म्हणालो.

"ऱ्हाला तर ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "त्याच्याबिगर आमचा आख्खा गाव चाललाय."

आगऱ्यांच्या तोंडी ळचा ल होतो. आर्टिस्ट हसला. मग त्यानं कोरा कागद माझ्याकडं सरकवला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा साईंना मध्ये न घालता म्हणाला, "तू काढ."

मी दुसऱ्या हातानं कागद दाबून धरला. जीभ बाहेर आली असणारच. शेजारी शेजारी दोन पोटं, दोन्हींना जाडी कुठं द्यायची हे मी मनात कितीदा केलं होतं. काढून झालं तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं कागद फिरवून घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खिशातला हात बाहेर काढला. मग पेन्सिलीनं उजव्या पोटाची जाडी भाताच्या दाण्याएवढी खाली सरकवली.

तो गेल्यावर मी त्याची दुरुस्ती खोडून माझं होतं तसं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते खोडून पुन्हा त्याचं केलं आणि तसंच कोरलं.